प्रस्तावना : रिकाम्या वाहिनीचा शोध

अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा मुंबईच्या विजेच्या ट्रामांमुळे इथे आली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तोवर कुलाब्याला होत. शहरात ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे तिथल्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले आणि समुद्रापलीकडची ही शांत जागा निवडली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला. गोंगाटापासून दूर जाण्याची ही सोय रेडिओला नसते. त्याला गोंगाटातच राहून ऐकायचे असते आणि जागा मिळाली तर बोलायचेही असते.

कोणी, कधी, कोणत्या वाहिनीवर बोलायचे हे ठरवणारे नियम म्हणजे माध्यम-प्रवेश नियंत्रण, अर्थात ‘मॅक’. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या हवाईतील ‘अलोहा’ जाळ्यात १९७१ साली नियम अगदी साधा होता : संदेश आला की पाठवा, टक्कर झाली की थोडे थांबून पुन्हा पाठवा. या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. तिथे सगळे वापरकर्ते समान हक्काचे होते. जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या कॉग्निटिव्ह रेडिओत मात्र वाहिनीला मालक असतो. तो गप्प असेल तेवढाच वेळ आपला, आणि तो परतला की लगेच बाजूला व्हायचे.

अशी मोकळी जागा आपल्याकडे भरपूर आहे. दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. त्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सर्वत्र रिकाम्या आहेत, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. पालघरजवळच्या खामलोलीत त्यांनी याच पट्ट्यातून इंटरनेट पोचवूनही पाहिले.

मग अडचण कुठे आहे? ऐकण्यात. समजा, अलिबागजवळच्या कनकेश्वर डोंगराच्या दक्षिण पायथ्याला आपला संच आहे. दूरदर्शनचा मुंबईतला वरळीचा मनोरा डोंगराआड गेल्याने संचाला काहीच ऐकू येत नाही. तो वाहिनी रिकामी समजून बोलू लागतो आणि माथ्यावरच्या घरातला टीव्ही बिघडतो. उन्हाळ्यात याच्या नेमके उलट घडते. समुद्रावरच्या हवेच्या थरांत लहरी अडकून क्षितिजापलीकडे जातात (दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला अरबस्तानचा किनारा दिसला, तो असाच), आणि दूरचा परका आवाज जवळच्या मालकाचा वाटतो. म्हणून एकट्याच्या कानावर विसंबणारा मॅक या किनाऱ्यावर टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

कॉग्निटिव्ह रेडिओच्या २०११ च्या ८०२.२२ मानकात यासाठी शांतकाळ ठेवले आहेत. शेजारची सारी केंद्रे त्या वेळी एकदम गप्प बसतात, कारण आपलाच गलबला चालू असेल तर उणे ११४ डीबीएम इतका क्षीण संकेत कळायचा कसा? मालक सापडला की दोन सेकंदांत वाहिनी सोडायची असते. जास्त वेळ ऐकले तर खात्री वाढते, पण बोलायला वेळ उरत नाही. या ओढाताणीवर या शास्त्रातले बरेचसे गणित उभे आहे.

दुसरा प्रश्न भेटीचा. रेवदंड्याचा तांडेल व्हीएचएफ संचावर सोळा नंबरला हाक देतो. समोरून ओ आली की दोघे ठरलेल्या दुसऱ्या चॅनेलवर जातात. आपल्या संचांना असा कायमचा सोळा नंबर देता येत नाही, कारण त्या वाहिनीचाही मालक कधी येईल याचा नेम नाही. मग एकमेकांना न सांगता दोघांनी कोणत्या क्रमाने वाहिन्या बदलल्या म्हणजे ते नक्की भेटतील? पाचवे प्रकरण सर्वस्वी याच कोड्याचे आहे. मला ते सर्वांत सुंदर वाटते.

वाचकाला संभाव्यतेची तोंडओळख असली की पुरे. लोणेरे, अलिबाग, पेणच्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. संगणकाला जोडायचे दोन स्वस्त रेडिओ-ग्राहक घ्या आणि कनकेश्वरच्या माथ्यावर व दक्षिण पायथ्याला एकाच वेळी हा पट्टा मोजा. एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात. ते आकडे तिसऱ्या प्रकरणातल्या सूत्रांत घालून पाहा. उत्तर जुळले नाही, तर चौथे प्रकरण उघडा. दोघांनी ऐकलेले एकत्र कसे करायचे, ते तिथे आहे.