लाख, चिंचोके आणि लाकडाचा भुसा

वालावलच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीची झाडलोट म्हणजे आधी माळा रिकामा करणे. गेल्या वर्षी माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक रंगीत लाकडी पेटी, तिच्यात सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा. आणि दुसरी, फोनोची काळीभोर तबकडी. ती हातातून निसटली आणि तिचे तीन तुकडे झाले. नातवाने एक तुकडा उचलून विचारले, "आजोबा, हे प्लॅस्टिक ना? मग फुटलं कसं?"

प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता. ती तबकडी लाखेची होती, आणि तापवली की मऊ होऊन साच्याचा आकार घेणारे ते प्लॅस्टिक, ही व्याख्या धरली तर लाखही प्लॅस्टिकच. फरक एवढाच की ती कारखान्यात होत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लक्षावधी इवले किडे आपल्या अंगावर तिचे कवच रचतात. आपल्याकडे तिची ओळख किती जुनी, ते महाभारताच्या वाचकाला सांगायला नको. वारणावताच्या त्या घराच्या भिंतींना जो लेप दिला, त्यात माती, तूप, तेल आणि लाख कालवली होती. पुरोचनाचा हेतू दुष्ट खरा, पण चिकट द्रव्यात भुकटी मिसळून टणक लेप करण्याची युक्ती त्याला ठाऊक होती.

गंजिफ्याच्या पानात हीच युक्ती चांगल्या कामाला लागली. सावंतवाडीचे चितारी जुने सुती कापड घेत. चिंचोके दळून त्यांची खळ शिजवीत आणि तिने कापडाचे थर एकमेकांना चिकटवीत. वर खडूच्या भुकटीचा लेप, मग दगडाने घोटणे, गोल कापणे, रंगकाम, आणि पाठीला लाखेचा हात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने. नुसते कापड लोंबते, नुसती खळ वाळून तडकते. दोन्ही एकत्र आली की पान ताठ उभे राहते. चिंचोक्यातली जी साखरसाखळी हे काम करते, तिच्याच जातीची द्रव्ये झाडाच्या पेशींच्या भिंतीत तंतूंना तंतू बांधून ठेवतात, असे रसायनशास्त्र आज सांगते. चिताऱ्यांना हे नाव माहीत नव्हते. त्यांना खळ माहीत होती. पुढे ही कला जवळजवळ विझली होती. 1970 नंतरच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला पुन्हा हात दिला, म्हणून ती आज दिसते.

तिकडे पश्चिमेत याच वाटेने लोक निघाले होते. 1854 साली अमेरिकेत सॅम्युएल पेक याने लाखेत लाकडाचा बारीक भुसा मिसळून, तापलेल्या साच्यात दाबून, फोटो ठेवण्याच्या नक्षीदार डब्या काढल्या. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लेपाज याने शिसवीसारख्या लाकडाचा भुसा आणि कत्तलखान्यातले रक्त एकत्र दाबून दौती व पदके केली. (हे वाचून आमच्या घरच्यांनी नाक मुरडले, पण वस्तू सुंदर होत्या, आणि त्या आजही संग्रहालयांत आहेत.) मग 1890 च्या दशकात ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. त्यांत लाख थोडीच, बाकी दगडाची पूड, सुती तंतू आणि काजळी. जगाला लाख बहुतेक हिंदुस्थानातून जाई, म्हणून रांचीजवळ नामकुमला 1924 साली लाखसंशोधनाची संस्था निघाली. लाखेची किंमत किती होती याचा पुरावा हवा तर महायुद्धाकडे पाहावे: 1942 साली अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली, आणि जुनी तबकडी परत द्या मग नवी घ्या, असे ग्राहकांना सांगितले जाऊ लागले.

पण या सुमारास लाखेचा प्रतिस्पर्धी जन्मून पस्तीस वर्षे झाली होती. लिओ बेकलंड हा बेल्जियन रसायनज्ञ अमेरिकेत लाखेलाच पर्याय शोधत होता. 1907 साली त्याला फिनॉल आणि फॉर्मालिन यांपासून बेकेलाइट साधले. गंमत अशी की नुसते बेकेलाइट ठिसूळ. त्याला दम आला तो लाकडाच्या भुशाने. म्हणजे नाशिवंत लाखेच्या घरात शिकलेली भुशाची विद्या न कुजणाऱ्या द्रव्याच्या चाकरीस गेली. विजेची बटणे, टेलिफोन, रेडिओची खोकी तिने भरून गेली. टिकाऊपणाचे कौतुक करण्याचेच ते दिवस होते. कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

त्या टिकाऊपणाचा जाच पुढे इतका झाला की महाराष्ट्र सरकारने मार्च 2018 मध्ये एकदाच वापरून फेकायच्या कित्येक प्लॅस्टिक आणि थर्मोकोल वस्तूंवर बंदी आणली. गणपतीचे थर्मोकोलचे मखरही गेले. आता शास्त्रज्ञ पुन्हा कुजणाऱ्या द्रव्यांकडे वळले आहेत. त्यांतले मुख्य पॉलिलॅक्टिक आम्ल. दही आंबवणारे जे आम्ल, ते मका किंवा उसाच्या साखरेपासून करून त्याची साखळी गुंफायची. पुण्याजवळ जेजुरीला प्राज कंपनीने 2024 साली याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. हे द्रव्य महाग आणि ठिसूळ, म्हणून त्यात लाकडाचा भुसा घालतात: खर्च उतरतो, ताठपणा वाढतो. मात्र ठिसूळपणा त्याने जात नाही, आणि भुसा आयता येऊन बसतही नाही. तो पाण्याचा मित्र, हे द्रव्य पाण्याचे शत्रू. मध्ये दोघांना धरणारा रासायनिक मध्यस्थ लागतो. भुसा आधी कोरडा ठणठणीत करावा लागतो, आणि दोनशे अंशांच्या वर गेला की करपतो. नंतर पाणी लागले तर फुगतो ते वेगळेच. माझी आजी गंजिफा खेळताना ओरडायची, "पानाक पाणी लावू नको रे, फुगतला!" संशोधकांच्या निबंधांत हीच तक्रार लांबलचक शब्दांत असते.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. डब्यावर 'विघटनशील' लिहिलेले असले, तरी हे द्रव्य नीट कुजायला साठेक अंशांची उष्णता आणि ओल लागते. ती मोठ्या खतखड्ड्यात मिळते. आमच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचे तळे गार. जत्रेत कोणी असा पेला त्यात टाकला, तर भुसा असो वा नसो, तो वर्षानुवर्षे तिथेच राहण्याचा संभव. गंजिफ्याचे पान त्याच पाण्यात एका पावसाळ्यात सुटून जाईल. 'कुजणारे' म्हणताना कुठे आणि किती दिवसांत, हे विचारायला आपण अजून शिकलेलो नाही.

हे सारे मी नातवाला सांगितले. त्याने किती ऐकले कोण जाणे. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून झाल्यावर त्याने तबकडीचा एक तुकडा न्हाणीतल्या कढत पाण्यात टाकला. तो मऊ पडला. त्याने चिमट्याने काढून त्याला पन्हळीसारखा बाक दिला. गार झाल्यावर बाक तसाच राहिला. आता त्याच्या पेन्सिली त्यात असतात.