चित्रपटाची प्रत आणि पाठभेदांची नोंद

चित्रपट ही एक संहिता आहे, हे विधान समीक्षेत रूढ झाल्यालाही आता बराच काळ लोटला. परंतु संहिता म्हटली की ती कोणत्या प्रतीच्या आधारे वाचायची, हा प्रश्न ओघानेच येतो. आणि चित्रपटाच्या समीक्षेने तो क्वचितच विचारला. 'लीळाचरित्रा'विषयी लिहिणाऱ्या अभ्यासकाला आपण कोणता पाठ स्वीकारला हे सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. 'सिटिझन केन'विषयी लिहिणारा मात्र जगात एकच 'सिटिझन केन' आहे असे गृहीत धरून चालतो. या गृहीताला सर्वसामान्य प्रेक्षकापुरता तरी पहिला धक्का बसला तो व्यापाराच्या एका कोपऱ्यातून. घरी पाहण्यासाठी चित्रपटांच्या निवडक, सटीप आवृत्त्या काढणाऱ्या लहान संस्था, ज्यांना आज 'बुटीक लेबल' म्हणतात, आणि त्या आवृत्त्या जमवणारे संग्राहक, यांनी तो दिला. या संस्थांनी ग्रंथव्यवहारातून काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे पाहणे उद्बोधक ठरते; कारण जे मागे राहिले त्यात पाठचिकित्सेचा गाभाच होता.

लेसरडिस्क अमेरिकेत १९७८ च्या अखेरीस विक्रीला आली. ग्रामोफोनच्या तबकडीएवढी ही चकती व्हिडिओ कॅसेटच्या मानाने महाग आणि अवजड होती. पण तिच्या एका प्रकारात प्रत्येक बाजूवर चोपन्न हजार चौकटी असत आणि त्यांतील कोणतीही एक चौकट स्थिर करून पाहता येई. बाजू अर्ध्या तासात संपे, उठून चकती उलटावी लागे. तरीही चित्रपट हवा तिथे थांबवणे, मागे जाणे, एकाच चौकटीवर रेंगाळणे, ही वाचकाची जुनी मुभा प्रेक्षकाला मिळाली. पुढे डिस्कवरील विभागांना 'चॅप्टर' म्हणजे प्रकरण हेच नाव पडले, यात नवल नाही.

१९८४ मध्ये रॉबर्ट स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्रायटेरियन' ही मालिका सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर आदर्श होता तो ग्रंथाच्या सटीप आवृत्तीचा. पुढच्या दशकात स्टाइन यांच्याच व्हॉएजर कंपनीने संगणकाच्या पडद्यावर वाचायची पुस्तके काढली, हे ध्यानात घेतले म्हणजे या आदर्शाची मुळे कोठे होती ते स्पष्ट होते. मालिकेची पहिली दोन प्रकाशने 'सिटिझन केन' (१९४१) आणि 'किंग काँग' (१९३३) ही होती. लेसरडिस्कवर ध्वनीसाठी दोन स्वतंत्र पट्ट्या असत. 'किंग काँग'च्या दुसऱ्या पट्टीवर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-अभ्यासकाचे निवेदन ध्वनिमुद्रित केले गेले. चित्रपट चालू असताना त्याच्या निर्मितीविषयी, तंत्राविषयी तो बोलत राहतो. ध्वनिभाष्य या प्रकाराचा हा आरंभ. मूळ ओवी आणि तिच्यावरील निरूपण एकाच वेळी ऐकू येण्याची कल्पना मराठी श्रोत्याला तितकीशी परकी वाटू नये. फरक इतकाच, की येथे निरूपण चालू असताना मूळ आवाज दबून जातो.

दुसरे पाऊल चौकटीसंबंधीचे होते. रुंद पडद्यासाठी रचलेले चित्रपट दूरदर्शन संचाच्या चौकोनात बसवण्यासाठी त्यांच्या कडा कापणे हा तोवरचा सर्वमान्य रिवाज. डॉन सीगल यांच्या 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) या चित्रपटापासून क्रायटेरियनने वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून संपूर्ण चौकट दाखवण्यास सुरुवात केली. पडद्याचा काही भाग काळा सोडणे ग्राहकाला फसवणूक वाटण्याचा संभव होता. तो धोका पत्करून या संस्थेने एक तत्त्व मांडले: पाहणाऱ्याच्या सोयीपेक्षा पाठाची अखंडता मोठी. पुढे या तत्त्वाचे काय झाले ते यथावकाश येईल.

टेरी गिलियम यांच्या 'ब्राझील' (१९८५) या चित्रपटाच्या आवृत्तीत हा प्रकल्प आपल्या उंचीला पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही. युनिव्हर्सल कंपनी आणि गिलियम यांच्यातील झगडा सर्वश्रुत आहे. दिग्दर्शकाचा चित्रपट १४२ मिनिटांचा. कंपनीने सुखान्त करून जोडलेला, दूरदर्शनवर दाखवला गेलेला पाठ ९४ मिनिटांचा. क्रायटेरियनने १९९६ च्या लेसरडिस्क-संचात हे दोन्ही पाठ दिले. ज्याला पोथीच्या परिभाषेत भ्रष्ट पाठ म्हणावे, तोही जपला आणि वाचकापुढे ठेवला. प्रेमाने सर्व काही जिंकल्याचे दाखवणारा तो कापलेला चित्रपट पाहिल्यावाचून मूळ चित्रपटातील अखेरच्या दृश्याची निष्ठुरता पुरती कळत नाही. भ्रष्ट पाठालाही अर्थनिर्णयात स्थान असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण साहित्यातही चटकन सापडणार नाही.

तथापि पाठभेदांची खरी चिकित्सा अभिजात चित्रपटांच्या दालनात वाढली नाही. ती वाढली ज्यांना 'कल्ट' म्हणतात अशा भय, रक्तपात आणि शृंगाराच्या स्वस्त चित्रपटांभोवती. याचे कारण सरळ आहे. हे चित्रपट देशोदेशी वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लांबीत, वेगळे संगीत लावून विकले जात. ब्रिटनमध्ये तर १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यानंतर असे कित्येक चित्रपट कापले गेले किंवा बाजारातून नाहीसेच झाले, आणि पूर्ण प्रत बाळगणे ही संग्राहकाची गुप्त प्रतिष्ठा बनली. अमेरिकेत टिम ल्यूकस यांनी १९९० मध्ये सुरू केलेले 'व्हिडिओ वॉचडॉग' हे नियतकालिक २०१७ पर्यंत चालले. एखाद्या चित्रपटाच्या कोणत्या देशातील कॅसेटवर कोणते दृश्य किती सेकंदांनी आखूड आहे, याची काटेकोर नोंद त्यात असे. ज्या चित्रपटांना प्रतिष्ठित समीक्षेने वाऱ्यावर सोडले होते, त्यांच्यासाठी हौशी अभ्यासकांनी पाठसंकलनाचे काम केले, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

मारियो बावा यांचा 'ब्लॅक सॅबथ' (१९६३) हा तीन कथांचा चित्रपट घ्यावा. त्याच्या इटालियन आणि अमेरिकन पाठांत कथांचा क्रम निराळा, संगीतकार निराळा. इतकेच नव्हे तर टेलिफोनच्या कथेत इटालियन पाठात जिवंत माणसाचा सूड आहे, तर अमेरिकन पाठात भूत. ब्रिटनमधील 'अ‍ॅरो' या लेबलने २०१३ मध्ये दोन्ही पाठ एकत्र प्रसिद्ध केले आणि त्यांची तुलना करणारा लघुपटही जोडला. येथे एक पाठ शुद्ध आणि दुसरा प्रक्षिप्त असे म्हणणेही अवघड. या दोन वाचना आहेत. अमेरिकेतील 'व्हिनेगर सिंड्रोम' या लेबलने तर आपले नावच फितीच्या एका रोगावरून घेतले. अ‍ॅसिटेटची फीत कुजू लागली की तिला शिरक्याचा वास येतो. तोच हा रोग. मुंबईच्या रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) 'मोंडो मकाब्रो' या परदेशी लेबलच्या संग्रहातून तिकडच्या संग्राहकांपर्यंत गेला, तोही याच वाटेने.

अभिजात चित्रपटांच्या बाजूला याच काळात वेगळी दिशा पकडली गेली. १९९८ मध्ये क्रायटेरियनने डीव्हीडीला आरंभ केला आणि डबीच्या उभ्या कडेवर नव्याने अनुक्रमांक छापण्यास सुरुवात केली. पहिला क्रमांक ज्याँ रन्वार यांच्या 'ग्रँड इल्युजन' (१९३७) या चित्रपटासाठी राखून ठेवला होता. पण मूळ निगेटिव्हवरून केलेली अधिक चांगली सामग्री हाती येत असल्याचे कळताच प्रकाशन थांबवले गेले आणि ती डिस्क १९९९ मध्ये निघाली. या निगेटिव्हचा प्रवास एखाद्या दुर्मीळ पोथीसारखा आहे: जर्मनांनी ते पॅरिसहून बर्लिनला नेले, युद्धानंतर ते मॉस्कोला गेले, तेथून अदलाबदलीत तुलूझला आले आणि ओळख न पटता कित्येक वर्षे पडून राहिले. पण उत्तम साक्षीदार सापडला की बाकीचे साक्षीदार बाजूला पडतात. 'ब्राझील'च्या संचाची बहुपाठी वृत्ती हळूहळू मागे सरली आणि 'अंतिम', 'अधिकृत' अशा एका पाठाची ओढ वाढली.

ही ओढ आणि तिची किंमत, दोन्ही सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या आवृत्तीत दिसतात. जुलै १९९३ मध्ये लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेला आग लागली आणि तेथे आणलेल्या राय यांच्या निगेटिव्ह होरपळल्या. जळके डबे अमेरिकेतील अकॅडमीच्या चित्रपट-संग्रहालयाने फेकून न देता जपून ठेवले. सुमारे वीस वर्षांनी क्रायटेरियन आणि अकॅडमी यांनी ते बोलोन्या येथील 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेकडे सोपवले. ठिसूळ झालेल्या फितीला रसायनांच्या साहाय्याने पुन्हा ओलावा देण्यात आला, तुटलेल्या कडा आणि छिद्रे हाताने बांधण्यात आली; या कामाला जवळपास हजार तास लागले. अखेर 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. 'अपूर संसार'च्या निगेटिव्हचा उपयोग होऊ शकला नाही. उरलेला भाग निरनिराळ्या संग्रहालयांतील दुय्यम निगेटिव्ह आणि सूक्ष्मकणी प्रतींवरून भरून काढण्यात आला. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ही त्रयी दाखवली गेली आणि वर्षअखेरीस ब्लू-रेवर आली.

या कामाची थोरवी निर्विवाद आहे. पण आज उपलब्ध असलेली 'पथेर पांचाली' ही अनेक साक्षीदारांवरून सिद्ध केलेली संमिश्र प्रत आहे, आणि ती पाहताना कोणता शॉट आगीतून वाचलेल्या निगेटिव्हचा आणि कोणता दुय्यम प्रतीचा, हे प्रेक्षकाला कळण्याची सोय नाही. कोणकोणत्या प्रती वापरल्या याची साधारण माहिती आवृत्तीसोबत मिळते. शॉटवार नोंद मिळत नाही. कारागिरी जितकी निर्दोष, तितका सांधा अदृश्य. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताशी हे ताडून पाहावे. १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पुरे झालेले ते काम हाही संमिश्र पाठच आहे. परंतु वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे पृष्ठाच्या तळाशी पाठभेद येतात आणि संपादकाला जेथे पुरती खात्री नाही त्या शब्दाखाली नागमोडी रेघ असते. संपादकाची शंकाही तेथे छापली जाते. चित्रपटाच्या आवृत्तीने ग्रंथाकडून प्रस्तावना घेतली, भाष्य घेतले, परिशिष्टे घेतली, अनुक्रमांक घेतला. ही नागमोडी रेघ तेवढी घेतली नाही. मुलाखतींचे आणि भाष्यांचे तास वाढत गेले, पण पाठभेदांची तळटीप कोरीच राहिली.

या उणिवेमुळे लेखकाच्या अधिकाराचा प्रश्न अधिकच बिकट झाला. बेर्तोलुची यांचा 'द लास्ट एम्परर' (१९८७) चित्रपटगृहांत साधारण २.३५ : १ या प्रमाणात दाखवला गेला होता. २००८ च्या क्रायटेरियन आवृत्तीत छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो यांच्या आग्रहाखातर तो २ : १ असा कापण्यात आला. चौकटीच्या अखंडतेसाठी काळ्या पट्ट्यांचा धोका पत्करणाऱ्या संस्थेने कलावंताच्या सहीने चौकट कापावी, हे त्या तत्त्वाचे उलटे टोक होय. २०२१ च्या संचात वाँग कार-वाय यांनी आपल्या चित्रपटांचे रंग बदलले, 'फॉलन एंजल्स' (१९९५)ची चौकट अधिक रुंद केली, आणि हे जुने चित्रपट राहिलेले नाहीत हेही मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या या स्पष्टोक्तीचे मोल आहे. ग्रंथसंपादनात लेखकाच्या अंतिम इच्छेला प्रमाण मानणाऱ्या भूमिकेवर जेरोम मॅगन यांनी १९८३ मध्ये जी टीका केली, ती येथे तंतोतंत लागू पडते: कृती ही केवळ लेखकाची इच्छा नसते, ती एका विशिष्ट काळी लोकांपुढे आलेली वस्तूही असते. १९९५ च्या प्रेक्षकाने पाहिलेला 'फॉलन एंजल्स' हे ऐतिहासिक सत्य आहे आणि दिग्दर्शकालाही ते मागे घेता येत नाही.

संग्राहकाकडे या संदर्भात पाहिले तर त्याची टर उडवणे सोपे राहत नाही. एकाच चित्रपटाच्या चार-चार डिस्क बाळगणाऱ्याला वस्तुपूजक म्हणण्याचा प्रघात आहे, आणि मर्यादित प्रतींची वेष्टने मिळवण्यासाठी चाललेली धडपड पाहता तो अगदीच निराधार नाही. पण नवी आवृत्ती निघताच जुनी बाजारातून नाहीशी होते, आणि मग कालबाह्य ठरलेली डिस्क हीच जुन्या पाठाची साक्ष उरते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात भर घालणाऱ्यांना इशाराही दिला. तो पाठ इतका रुजला की एकनाथपूर्व प्रतीचा शोध हा पुढे स्वतंत्र संशोधनविषय झाला आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्या मते तशी असलेली प्रत मोठ्या अभिनिवेशाने प्रसिद्ध केली. मान्य पाठाच्या यशात इतर पाठांचे विस्मरण अंतर्भूत असते. ते विस्मरण लांबवण्याचे काम ग्रंथालयांनी नाही केले तर कपाटे बाळगणाऱ्यांकडे येते. चित्रपट प्रवाही स्वरूपात दाखवणाऱ्या सेवांकडून ते होणे शक्य नाही; तेथे पाठ एका रात्रीत बदलता येतो आणि सेवाच बंद पडली, जशी 'फिल्मस्ट्रक' नोव्हेंबर २०१८ मध्ये पडली, तर काहीच उरत नाही.

मालिकेतील क्रमांकांमुळे निर्माण झालेल्या अभिजाततेच्या यादीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या यादीतील हजाराहून अधिक चित्रपटांत आफ्रिकी-अमेरिकी दिग्दर्शक अवघे चार असल्याचे दाखवून दिले आणि संस्थेला त्याची दखल घ्यावी लागली. यादीतला भारत म्हणजे प्राधान्याने राय, हेही उघड आहे. घटक यांचा 'तिताश एकटी नदीर नाम' आणि उदय शंकर यांचा 'कल्पना' आले ते मार्टिन स्कोर्सेसी यांच्या जागतिक चित्रपट-प्रकल्पाच्या संचांतून. पण यादीत प्रवेश मिळण्याआधी साक्षीदार शिल्लक असावे लागतात. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी गावोगावहून डबे गोळा केले. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातकाळातील मूळ फिती तीत गेल्या. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवल्या गेलेल्या 'संत तुकाराम'ची (१९३६) चिकित्सक आवृत्ती उद्या कोणी काढू म्हटले, तर त्याला प्रारंभ करावा लागेल तो नकलांच्या वंशावळीपासून: कोणती नकल कोणत्या फितीवरून, कोणत्या साली निघाली, आणि कोणता शॉट कोणत्या नकलेत अधिक पूर्ण आहे. लेसरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे यांच्या चार दशकांत ही वंशावळ पडद्याच्या तळाशी छापण्याची पद्धत कोणत्याही मोठ्या लेबलने रूढ केलेली नाही.