सामाजी हसाजी दिवेकर यांचा नवस

कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शब्बाथला त्यांचा घाणा बंद असे. अठराव्या शतकात या तेल्यांची मुले मुंबईस येऊन कंपनी सरकारच्या पलटणीत भरती होऊ लागली. त्यांतलेच सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. म्हैसूरच्या १७८०-८४ च्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल असल्याचे कळताच टिपूच्या मातोश्रींनी रदबदली केली व त्यांचा जीव वाचला, असे आपले वाडवडील सांगत. सुटलो तर मशीद बांधीन, असा नवस त्यांनी केला होता. १७९६ साली मुंबईत ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, उभे राहिले. तीच आपली जुनी मशीद.

पण सेफेर तोरावाचून मशीद अपुरी. तो मिळवण्यासाठी सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ साली तेथेच वारले. बांधलेल्या मशिदीत त्यांना जेमतेम वर्षभर बसता आले. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचे नाव राहिले. देह मात्र कोचीनच्या मातीत.

आम्हा परदेशी आलेल्यांच्या आईबापांची थडगीही दूर राहिली. म्हणून सेफेर बाहेर काढताना मुलांना या शिपायाची हकीकत जरूर सांगावी.