गाणारा मुका : रुग्णाची साक्ष आणि संगीताचा प्रागितिहास

मानवाने आधी गायिले की आधी भाषण केले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून तौलनिक अभ्यासकांना खुणावीत आला आहे. त्याला देण्यात आलेली उत्तरे प्रामुख्याने दोन प्रकारच्या साधनांवर उभी आहेत. पहिले साधन उत्खननात सापडते : हाडाची बासरी, शंख, नाद देणारा दगड. दुसरे साधन रुग्णालयात सापडते. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्याची वाचा गेली पण गाणे उरले, किंवा वाचा उरली पण सूर कळेनासा झाला, असा रुग्ण हा प्रागैतिहासिक संगीताच्या संशोधनात साक्षीदार म्हणून पुन्हा पुन्हा उभा केला गेला आहे. जमिनीतून निघालेल्या वस्तूची छाननी कशी करावी याचे कडक दंडक पुरातत्त्वविद्येने घालून घेतले आहेत. रुग्णाची साक्ष मात्र बहुधा छाननीवाचूनच स्वीकारली गेली. ती छाननी करावयाची तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयाला आलेल्या रुग्णकेंद्री वैद्यकाकडे वळावे लागते. वरकरणी एकमेकांपासून दूर वाटणाऱ्या या दोन संशोधनक्षेत्रांचा संबंध येथे तपासावयाचा आहे.

या साक्षींच्या परंपरेतील एक आरंभीची नोंद कोणा वैद्याची नाही, तर एका कवीची आहे. स्वीडिश कवी व इतिहासकार ऊलॉफ फॉन दालिन यांनी १७४५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तात एका मुक्या माणसाची हकिकत प्रसिद्ध केली. आजारात उजवी बाजू लुळी पडून त्याची वाचा गेली होती. तरीही आजारापूर्वी पाठ असलेली काही स्तोत्रे तो स्पष्ट उच्चारांसह म्हणू शके. त्यासाठी आरंभी कोणीतरी त्याच्याबरोबर सूर धरावा लागे. दालिन यांच्या नोंदीतील हे दोन तपशील, म्हणजे स्तोत्र आधीपासून पाठ असणे आणि सोबत दुसरा आवाज असणे, पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत मागे पडले. 'बोलू न शकणारा माणूस गातो' एवढेच उरले आणि त्याचेच सिद्धान्तात रूपांतर झाले.

हे रूपांतर ज्या वर्षाशी जोडता येते ते १८७१ होय. त्या वर्षी डार्विन यांचा 'द डिसेंट ऑफ मॅन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानवाच्या पूर्वजांनी भाषेपूर्वी सुरांचा उपयोग केला असावा आणि त्याचे मूळ प्रणयाराधनात असावे, असे मत डार्विन यांनी त्यात मांडले. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८५७ मध्ये नेमके उलट प्रतिपादन केले होते. भावनेने भारलेल्या बोलण्याच्या चढउतारांतून संगीत निपजले, असे त्यांचे म्हणणे. याच १८७१ मध्ये लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी 'द लॅन्सेट'मध्ये वाचाहीन मुलांच्या गाण्याविषयी एक छोटे टिपण लिहिले. टिपण आटोपशीर आहे, परंतु त्यामागील विचारव्यूह मोठा आहे. जॅक्सन हे स्पेन्सर यांच्या उत्क्रांतिविचाराने प्रभावित होते. मज्जासंस्थेची घडण साध्याकडून गुंतागुंतीकडे, आपोआप घडणाऱ्या क्रियांकडून ऐच्छिक क्रियांकडे होत गेली, आणि रोग ही घडण उलट्या क्रमाने उसवतो, अशी त्यांची धारणा होती. जे शेवटी आले ते आधी जाते, जे जुने ते टिकते. विधान करण्याची शक्ती गेलेला रुग्ण शिवी देऊ शकतो, हाय म्हणू शकतो, गाऊ शकतो. तेव्हा शिवी, हाय आणि गाणे ही वाणीची खालची, जुनी पातळी ठरते.

येथे एक पायरी न बोलता ओलांडली गेली आहे. रुग्णाचे शरीर हे कालक्रमाचे चित्र मानले गेले. पुरातत्त्वज्ञ मातीचे थर वरून खाली काढीत जातो, तसा रोग मेंदूचे थर काढतो आणि तळाशी आदिमानव सापडतो, असे हे रूपक आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते अपरिचित नाही. लोकवाङ्मयाला 'अवशेष' मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील मानववंशशास्त्राने खेडुतांच्या कथागीतांना हाच न्याय लावला होता. गाणारी बाई तिच्या काळात जगत नसून कोणत्या तरी गतकाळाचा तुकडा वागवीत असते, असा तो न्याय. लोकवाङ्मयाच्या अभ्यासाने तो बऱ्याच अंशी टाकून दिला. मेंदूविज्ञानात तो अधिक काळ तग धरून राहिला.

या परंपरेला छेद देणारे उदाहरण मॉस्कोत घडले. विसारियोन शेबालिन (१९०२-१९६३) हे सोव्हिएत संगीतकार मॉस्को संगीत महाविद्यालयाचे संचालक होते. १९४८ च्या 'रूपवादा'विरुद्धच्या मोहिमेत त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५९ मध्ये दुसरा. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांना दुसऱ्याचे बोलणे नीट उमगेना, वस्तूंची नावे आठवेनात, वाक्ये पुन्हा म्हणता येईनात. तरी संगीतरचना थांबली नाही. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'वरील त्यांचा ऑपेरा १९५७ मध्ये, पहिल्या झटक्यानंतर, रंगमंचावर आला होता. दुसऱ्या झटक्यानंतर, १९६२ मध्ये, पाचवी सिंफनी पूर्ण झाली. शोस्ताकोविच यांनी तिची वाखाणणी केली. अलेक्सांद्र लुरिया व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये या संगीतकाराच्या वाचाघातावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषा आणि संगीत यांच्या मेंदूतील व्यवस्था काही अंशी स्वतंत्र असाव्यात, या मताच्या पुष्ट्यर्थ तो आजही दाखविला जातो.

या निबंधात रुग्ण हा उसवलेला थर नाही. त्याच्याजवळ जे उरले ते आदिम नव्हते. सिंफनी ही युरोपीय संगीतातील अत्यंत प्रगल्भ, लेखननिष्ठ रचना होय. जॅक्सन यांच्या क्रमानुसार ती आधी जावयास हवी होती. शेबालिन यांच्या बाबतीत रोजच्या व्यवहाराची वाक्ये गेली आणि चाळीस वर्षांच्या व्यासंगाने कमावलेली विद्या टिकली. जे टिकते ते जुने असते, या गृहीताला याहून मोठा धक्का कल्पिता येणार नाही. तो तसा वाचला गेला नाही, ही या अभ्यासक्षेत्रातील आश्चर्याची गोष्ट आहे.

लुरिया यांची लेखनपद्धती या ठिकाणी महत्त्वाची ठरते. १९७१ मध्ये त्यांनी झासेत्स्की नावाच्या सैनिकाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या लढाईत गोळी लागून त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. लिहिलेले स्वतःला वाचता येत नसतानाही हा माणूस पाव शतक आपली हकिकत लिहीत राहिला. पानांची संख्या सुमारे तीन हजारांवर गेली. लुरिया यांनी पुस्तकाची रचना अशी केली की वैद्याचे निवेदन आणि रुग्णाचे निवेदन आलटून पालटून यावे. निवेदनशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर रुग्ण येथे विषय न राहता निवेदक झाला.

इंग्लंडमध्ये याच सुमारास वेगळ्या वाटेने हीच गोष्ट घडत होती. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेत मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात सामान्य वैद्यांच्या चर्चासभा चालविल्या आणि १९५७ मध्ये त्यांतून 'द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस' हा ग्रंथ सिद्ध झाला. रुग्ण वैद्यापुढे आपला आजार जणू प्रस्तावाप्रमाणे मांडतो आणि वैद्य कशाला प्रतिसाद देतो त्यावर आजाराचे रूप ठरते, हे त्यातील मर्म आहे. 'रुग्णकेंद्री वैद्यक' ही संज्ञा एनिड बालिंट यांनी १९६९ मधील लेखात आजारकेंद्री वैद्यकाच्या विरोधात वापरली. पुढे १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतील ७४ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा रुग्णाने आपली तक्रार सांगावयास आरंभ केल्यानंतर सरासरी १८ सेकंदांत वैद्य त्याला तोडतो, असे आढळले. २००१ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आरोग्यसेवेच्या सहा उद्दिष्टांत रुग्णकेंद्रितेचा समावेश केला आणि शब्द प्रशासनाच्या टाकसाळीत शिरला. तेथे त्याची धार काहीशी बोथट झाली असे म्हणावयास हरकत नाही. मराठी माणूस 'मोठे दुखणे काढले' असे म्हणतो. या वाक्प्रचारात कर्ता आजारी माणूस आहे, आणि दुखणे हा त्याने भोगून पार केलेला काळ आहे. बालिंट दांपत्याला जे परिभाषेने सांगावे लागले त्यातील बराच भाग या क्रियापदात आधीपासून आहे.

प्रागैतिहासिक संगीताच्या अभ्यासाला २००५ मध्ये स्टीव्हन मायथेन यांच्या 'द सिंगिंग निअँडरथल्स' या ग्रंथाने मोठी चालना दिली. भाषा व संगीत या दोहोंपूर्वी एक समग्र, परिणामकारी, बहुमाध्यमी, सांगीतिक व अनुकरणात्मक अशी संज्ञापनपद्धती होती, आणि निअँडरथल मानव तीच वापरीत, असा त्यांचा सिद्धान्त आहे. ग्रंथ विद्वत्तापूर्ण व वाचनीय आहे. त्यातील दोन प्रकरणे रुग्णांवर आधारलेली आहेत : भाषेविना संगीत आणि संगीताविना भाषा. शेबालिन तेथे भेटतात. परंतु स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे येथे इव्हान तुर्क यांना १९९५ मध्ये सापडलेले हाड मात्र मायथेन यांनी बासरी म्हणून स्वीकारलेले नाही. गुहेत राहणाऱ्या अस्वलाच्या पिलाच्या मांडीचे ते हाड; त्यावर दोन पूर्ण छिद्रे आहेत. ती मानवाने पाडली की श्वापदाच्या दातांनी पडली, हा वाद फ्रान्चेस्को देरिको व इतरांनी १९९८ मध्ये उभा केला आणि तो अद्याप मिटलेला नाही. हाडाची प्रतिकृती वाजविता येते, यावरून मूळ हाड वाजविले जात होते असे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मग आजचा जखमी मेंदू गाऊ शकतो, यावरून जुना मेंदू गात होता असे तरी कसे सिद्ध होईल? हाडाला लावलेला निकष रुग्णाला लावला गेला नाही. भाषा व संगीत आज मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जातात एवढे या रुग्णांवरून दिसते. कोणती वाट आधी पडली, हे दिसत नाही.

'गाणारा मुका' या दालिन यांच्या जुन्या उदाहरणाकडेही अलीकडील संशोधनाने वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. १९७३ मध्ये बॉस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी वाचाघातावर सुरांच्या आधारे बोलावयास शिकविण्याची उपचारपद्धती मांडली, आणि तिचे यश हे मेंदूच्या उजव्या, 'सांगीतिक' गोलार्धाचे यश मानले गेले. २०११ मध्ये जर्मनीत बेंजामिन श्टाल व सहकाऱ्यांनी १७ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सुरापेक्षा लयीचा आणि शब्द ओळखीचे, ठरीव साच्यातील असण्याचा प्रभाव निर्णायक दिसला. तुलनाकाराला येथे मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मौखिक महाकाव्याचा गायक ज्या ठरीव पदबंधांवर तोलून पुढे सरकतो, त्यांसारख्याच पदबंधांवर वाचा गेलेला रुग्णही तोलतो. दालिन यांच्या मुक्या माणसाला स्तोत्र पाठ होते आणि कोणीतरी त्याच्यासोबत सूर धरीत असे. त्याचे गाणे आदिमानवाचे नव्हते. ते त्याच्या मंडळीत, त्याच्या धर्मजीवनात शिकलेले गाणे होते.

वस्तूंच्या बाबतीतही ऐकून घेण्याचा प्रश्न येतोच. फ्रान्समधील मार्सुलास गुहेत १९३१ मध्ये मिळालेला मोठा शंख तूलूझ येथील संग्रहालयात सुमारे ऐंशी वर्षे पेयपात्र म्हणून पडून होता. त्याचे टोक आपोआप फुटले असे गृहीत धरले गेले होते. ते मुद्दाम काढले होते असे फेरतपासणीत आढळले आणि २०२१ मध्ये सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचे वाद्य म्हणून त्याची नोंद झाली. एका वादकाने त्यातून तीन स्वर काढले. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या कुपगल टेकडीवरील नवाश्मयुगीन शिल्पखोदणीचा अभ्यास निकोल बोइव्हिन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील काही शिळा ठोकल्या असता घंटेसारख्या वाजतात आणि ठोकण्याने पडलेले खळगे त्यांवर दिसतात. परिसरातील लोक या शिळांना वाजणारे दगड म्हणूनच ओळखत होते. जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेल्या गिधाडाच्या हाडाच्या पाच छिद्रांच्या बासरीइतकी प्रसिद्धी कुपगलला लाभली नाही. बासरी युरोपीय डोळ्याला लगेच वाद्य म्हणून दिसते, दगड दिसत नाही.

वाचाघाताच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात २१ वर्षे होता. 'तां' एवढाच उच्चार त्याला करता येई, म्हणून तेच त्याचे नाव पडले. १७ एप्रिल १८६१ रोजी तो मरण पावला. दुसऱ्याच दिवशी पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू सभेपुढे ठेवला. ती सभा मानवशास्त्र परिषदेची होती. मेंदू जतन करण्यात आला. २००७ मध्ये आधुनिक प्रतिमायंत्राने त्याची तपासणी झाली आणि इजा ब्रोका यांना दिसली होती त्याहून बरीच खोल असल्याचे कळले. हा माणूस कोण होता, हे त्यानंतर सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, पोलिश इतिहासकार चेझारी दोमान्स्की यांनी दप्तरखान्यातील कागद पाहून सांगितले. त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्टर लबोर्न्य असे होते, मोरे या गावी त्याचा जन्म झाला होता आणि तो साचे बनविणारा कारागीर होता.