‘फक्त’, ‘मात्र’ आणि बाभळीचे पाणी

धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या हिशोबपट्टीवर रकमेच्या आकड्याखाली एक ओळ असते : ‘अक्षरी रुपये बारा हजार चारशे फक्त’. सीमेपलीकडे बासरच्या बाजूला तयार झालेली पावती असेल तर त्याच जागी तेलुगूत ‘मात्रमे’ येते आणि बँकेचा कागद असेल तर ‘ओन्ली’. तीन भाषांतले हे तीन शब्द वाचताना कोणी थांबत नाही. परंतु हा शब्द राहून गेला तर कारकून कागद परत करतो, कारण रकमेपुढची मोकळी जागा ही खोडसाळ हाताला दिलेली मोकळीक असते. मर्यादा दाखवणारे शब्द आपल्या लेखनात कोठून आले, इंग्रजीच्या सहवासात त्यांचे काय झाले आणि आज ते किती बेफिकिरीने वापरले जातात, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

लिहिलेला मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, ही काळजी इंग्रजांनी आपल्याला शिकवलेली नाही. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवली जाई. पेशवाईतील पत्रांच्या अखेरीस ‘लेखनसीमा’ आढळते. पत्राचा शेवट कळवण्यासाठी ‘मर्यादा’ आणि ‘सीमा’ हेच शब्द निवडावेत, यात आम्हांला त्या दप्तराची सारी दक्षता दिसते. मराठवाड्यापुरते बोलायचे तर येथे आणखी एक प्रवाह मिसळला. निजामाच्या राज्याचा कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून उर्दूत चाले. उर्दू पत्राच्या अखेरीस ‘फकत’ लिहिण्याची रीत होती. त्याचा अर्थ : एवढेच, पत्र संपले. जे काम ‘लेखनसीमा’ने केले तेच या अरबी शब्दाने केले. मराठीत तो ‘फक्त’ होऊन पूर्वीच रुळला होता. आमच्या भागात पत्राचा शेवट आणि रकमेचा शेवट या दोन्ही ठिकाणी त्याची ओळख पक्की झाली.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, तरी ‘फक्त’ हलला नाही. कोश प्रामुख्याने नामे बदलतो; अव्ययांपर्यंत त्याचा हात क्वचितच पोचतो. उलट ‘मात्र’ हा घरचा शब्द आपले जुने काम सोडून गेला. ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ अशा समासांत ‘केवळ’ हा अर्थ टिकून आहे, पण सुटा ‘मात्र’ आज मराठी वाचकाला ‘परंतु’सारखा ऐकू येतो. तेलुगूने तो ‘केवळ’ या अर्थीच ठेवला. एकाच पावतीच्या दोन भाषांत ही फारकत दिसते, आणि तेलुगू-मराठी अशा दोन्ही घरांतून आलेले आमचे विद्यार्थी तीत बरोबर अडखळतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ चा राजभाषा अधिनियम त्यानंतरचा. एका पिढीच्या अवधीत कचेरीचा कागद उर्दूकडून मराठीकडे वळला, परंतु ही मराठी इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेली होती. इंग्रजी कायद्याची मर्यादा शेवटी शिक्का मारून थांबत नाही. ती वाक्याच्या पोटात शिरते. ‘सब्जेक्ट टू’, ‘टू द एक्स्टेंट’, ‘नॉट एक्सीडिंग’, ‘नॉटविथस्टँडिंग’ ही तिची हत्यारे. संविधानाच्या मराठी पाठात त्यांच्यासाठी ‘-च्या अधीनतेने’, ‘काहीही असले तरी’ असे शब्दप्रयोग घडवण्यात आले. ते अवघड असतील, पण नेमके आहेत. ज्यांनी ते घडवले त्यांची थट्टा करण्याची फॅशन आम्हांला मान्य नाही.

तक्रार आहे ती रोजच्या लेखनाविषयी. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज अमुक इज कन्सर्न्ड’ या इंग्रजी वळणावरून ‘जोपर्यंत कवितेचा संबंध आहे’ असे सर्रास लिहिले जाते. मराठीत ‘जोपर्यंत’ काळाची मर्यादा सांगतो. वाचक ‘तोपर्यंत’ची वाट पाहत बसतो आणि तो येतच नाही. ‘कवितेपुरते’ या एका शब्दात काम झाले असते. हा ‘-पुरता’ प्रत्ययासारखा शब्दाला चिकटतो आणि मर्यादा जेथल्या तेथे आखतो, तरी त्यावर आमचा विश्वास नाही. म्हणून प्रबंधांत ‘हा अभ्यास नांदेड जिल्ह्यापुरता मर्यादित आहे’ असे दुहेरी कुंपण घातले जाते. (‘व्याप्ती आणि मर्यादा’ या प्रकरणात आम्ही स्वतःही हे कुंपण घातलेले आहे, हे कबूल केलेले बरे.) ‘-च’ची गोष्ट याहून नाजूक. ‘शेतकऱ्यालाच पाणी मिळाले’ आणि ‘शेतकऱ्याला पाणीच मिळाले’ यांत एक अक्षर जागा बदलते आणि तक्रारीचे तोंड फिरते. इंग्रजीत ‘ओन्ली’ची जागा चुकली तरी बोलण्यातला जोर ती चूक सावरून घेतो. मराठीत ‘-च’ शब्दालाच जोडलेला असल्याने चूक कायमची होते.

हा सारा काथ्याकूट वर्गाबाहेर कोणाच्या उपयोगाचा, असे वाटेल. म्हणून धर्माबाद तालुक्यातीलच एक उदाहरण घेऊ.

गोदावरीवरचा बाभळी बंधारा राज्याच्या सीमेच्या अलीकडे ७ किलोमीटरवर आहे. त्याच्या खाली ८१ किलोमीटरवर पोचमपाडचे, म्हणजे श्रीरामसागरचे, धरण. ६ ऑक्टोबर १९७५ च्या आंतरराज्य करारात महाराष्ट्राला पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर यांच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी ‘६० टीएमसीपेक्षा अधिक नाही’ इतके पाणी वापरता येईल, असे ठरले. पुढे आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ही मर्यादा नेमकी कशाची, वापराची की अडवलेल्या पाण्याची, हाही वादाचा एक भाग होता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहिला, पण मर्यादांच्या चौकटीत : १ जुलै ते २८ ऑक्टोबर १४ दरवाजे वर उचललेले, २९ ऑक्टोबरपासून जूनअखेर बंधाऱ्यातून होणारा वापर २.७४ टीएमसीच्या वर जाणार नाही. त्यांपैकी फक्त ०.६ टीएमसी पोचमपाडशी सामाईक बुडीत क्षेत्रातले. आणि दरवर्षी १ मार्चला तेवढेच ०.६ टीएमसी खाली सोडायचे. २०१४ नंतर खालचे राज्य तेलंगण झाले.

या अटींचा इंग्रजी पाठ आम्ही पदव्युत्तर वर्गाला मराठीत आणावयास दिला. बहुतेकांनी लिहिले : ‘महाराष्ट्राला २.७४ टीएमसी पाणी मिळेल.’ व्याकरणाची चूक एकही नाही. परंतु निकालात ‘मिळेल’ कोठेच नाही. तेथे वरची रेघ आखली आहे, खालची नाही. पावसाळाभर दरवाजे उघडे आणि ऑक्टोबरअखेर नदीत उरेल तेवढेच अडवायचे. ते दोन टीएमसी भरले काय किंवा एक भरले काय, अटीचा भंग होत नाही. मर्यादेचे भाषांतर हक्क असे झाले की गावातला माणूस न मिळालेल्या पाण्याचा हिशोब कोणाकडे मागणार?

दुसरी अडचण ‘पीरिऑडिकली’ या शब्दाची. २.७४ टीएमसीचा वापर तसा करू नये, असे निकाल सांगतो. मुलांनी ‘वेळोवेळी वापरू नये’ असे लिहिले. म्हणजे एकाच दिवशी सारे उपसावे की काय? बंधारा रिकामा करून पुन्हापुन्हा भरून घेऊ नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो, पण तो एका शब्दात मराठीत मावत नाही. दोन वाक्ये लागतात. ती लावावीत.

‘अधिक नाही’ची ओळ मात्र नदीकाठच्या गावाहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने सोडवली. तिने लिहिले : ‘बाभळीचा वापर २.७४ टीएमसीच्या वर जाता कामा नये. त्याहून कमी भरला तर कोणाचे बंधन नाही.’ उत्तरार्ध मूळ पाठात नाही, म्हणून आम्ही तो खोडला. मग शेजारी समासात पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेवला.