यादीतले नाव : चाळीच्या खोलीपासून रमाई घरकुलापर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने मला सांगितले. इतिहास म्हटला की आपल्यासमोर परिषदा आणि सत्याग्रह येतात. त्यावर लिहिणारी जाणकार मंडळी आपल्यात आहेत. मी गिरणीत राबलेला माणूस. शाळा थोडी झाली, बाकीचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यात झाले. म्हणून माझ्या माहितीतला विषय घेतो. आपल्या वाडीत सध्या घरोघरी दोनच प्रश्न ऐकू येतात. “गिरणीच्या घराचे काय झाले?” आणि “घरकुलाच्या यादीत नाव आले का?” या याद्या आल्या कुठून, आणि त्यात आपले नाव मागे का राहते, एवढेच मला सांगायचे आहे.

आपला जिल्हा हा मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणारा जिल्हा. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हा सिंधुदुर्गही आपल्यातच होता, तो १९८१ साली वेगळा झाला. एवढी माणसे बोटीने मुंबईला गेली, पण ती राहायची कुठे? तेव्हा अर्ज नव्हता आणि यादीही नव्हती. नोकरी जॉबर लावायचा आणि खोली ओळखीने मिळायची. एकेका गावाची खोली असायची, तीत वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपायचे. रातपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी पडायचा. पण गावची खोली म्हणजे गावची जातसुद्धा आली. गावात जो वाड्याबाहेर, तो मुंबईतही त्या खोलीबाहेर. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाटण्याचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. ज्या खात्यात पगार बरा त्या खात्यात प्रवेश नाही, मग बऱ्या जागेचे भाडे भरणार कसे? घराचा आणि कामाचा प्रश्न असा पहिल्यापासून एकाच गाठीत बांधलेला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे दाटीवाटीने राहतात म्हणून रोग पसरतो, हे सरकारला तेव्हा दिसले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने ज्या चाळी बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे वीस वर्षे राहिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवेचे हे कुटुंब. त्याच चाळीत माता रमाईंनी संसार केला. दापोलीजवळच्या वणंदची ही लेक. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरात मासळीच्या पाट्या वाहत. साहेब परदेशात शिकत होते तेव्हा चाळीतल्या त्या खोल्यांत रमाईंनी काय काय सोसले, ते आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. आज सरकारी घरकुलाला त्यांचेच नाव आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

त्यानंतर १९२० पासून सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी उभ्या केल्या. त्या आपल्या बी.डी.डी. चाळी. एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. गंमत अशी की सुरुवातीला यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगाराला भाडे परवडेना. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कैदीसुद्धा डांबले. घर बांधले आणि माणसाच्या मिळकतीचा विचार केला नाही, तर घर रिकामे राहते आणि माणूस रस्त्यावर राहतो. हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पुढे भाडी उतरली, माणसे आली आणि आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे या चाळींत वाढली.

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा भाडे कायदा आला. त्याने जुन्या भाडेकरूला आधार मिळाला, पण नवीन माणसाला पागडीशिवाय खोली मिळेना. १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ झाले. पुढे विक्रोळीच्या कन्नमवार नगरासारख्या वसाहती झाल्या. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नंबर आणि सोडत, ही पद्धत आपल्या लोकांनी इथून पुढे शिकली. १९७७ साली मंडळे एकत्र होऊन म्हाडा झाली. ओळखीपेक्षा यादी केव्हाही बरी. यादीत तुमचा नंबर कितवा आहे ते तरी विचारता येते. जॉबरला कोण विचारणार होते?

आता गिरणीच्या घराकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि माणसे गावी परतली. मी संपानंतर बदलीत लागलेल्या शेवटच्या पिढीतला. आमच्या डोळ्यांसमोर सांचे निघाले आणि चिमण्या थंड झाल्या. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकायची तर एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाला आणि एक भाग मालकाला, असा तो साधा हिशेब होता. २००१ साली नियम बदलला. पूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची वाटणी धरली गेली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती! कामगारांचा आणि मुंबईकरांचा वाटा तिथेच आटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला.

तरीसुद्धा कामगार मोर्चे काढत राहिले, म्हणून घरे बांधली गेली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरला. २०१२ च्या जूनमध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, किंमत साडेसात लाख. २०१६ च्या मे महिन्यात २,६३४ घरे, किंमत साडेनऊ लाख. त्याच वर्षी डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन इथली २,४१७ घरे. १ मार्च २०२० ला ३,८९४ घरे. एकूण बेरीज १५,८७०. अर्ज किती? पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण अकरा अर्जांमागे एक घर.

कोनच्या घरांची गोष्ट मुद्दाम सांगतो. ती मुळात एम.एम.आर.डी.ए.च्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतली. त्या योजनेतली एक खोली होती १६० चौरस फुटांची, म्हणजे बी.डी.डी. चाळीच्या खोलीएवढीच. दोन खोल्या जोडून कामगाराला ३२० फुटांचे एक घर दिले. भाड्याची घरे बांधून गरिबाची सोय करावी हा विचार चांगला होता, पण शंभर वर्षांत गरिबाच्या खोलीचे माप बदलले नव्हते. सोडत लागलेल्यांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले, मधल्या काळात तिथे कोरोनाचे विलगीकरण केंद्र झाले.

उरलेल्या अर्जदारांसाठी सरकारने मार्च २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरांचा निर्णय काढला. मुंबईच्या जमिनीवर घाम गाळला, मग घर कर्जतच्या वाटेवर का, असा कामगारांचा सवाल आहे. जुलै २०२५ मध्ये त्यासाठी आझाद मैदानावर मोठे आंदोलन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीत ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. जो खोली धरून राहिला त्याला मुंबईत घर मिळाले. जो खोली सोडून गावी आला, त्याचा हक्क एका अर्जाच्या पावतीवर उरला आहे. आपल्या वाडीतले बहुतेकजण या दुसऱ्या गटातले आहेत.

म्हणून त्या अर्जाकडे नीट बघा. सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने कागदपत्रे तपासण्याची मोहीम घेतली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, मस्टरचा उतारा, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ई.एस.आय.सी.चा नंबर, ग्रॅच्युइटीचा कागद, असले पुरावे मागितले गेले. माझ्याकडे फॉर्म घेऊन येणाऱ्यांत मला दोनच अडचणी फिरून फिरून दिसतात. पहिली नावाची. मस्टरवर नाव ‘धोंडू गोविंद’, आडनाव नाहीच. रेशनकार्डावर कांबळे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. गिरणीत आपल्या माणसाचे पूर्ण नाव विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती. दुसरी अडचण पत्त्याची. अर्जावर मुंबईच्या जुन्या खोलीचा पत्ता, खोली कधीच सोडलेली, आणि पत्र तिकडेच जाते. कामगार वारला असेल तर विधवा बाईला आपल्या नवऱ्याचा अर्ज होता हेसुद्धा माहीत नसते. एका काकूंच्या घरी लाल पास सापडला तो तांदळाच्या डब्याखाली घातलेल्या कागदांत. पन्नास वर्षांच्या नोकरीचा तेवढाच पुरावा शिल्लक होता.

आता गावाकडचे घरकुल. इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली, ती मुळात अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांसाठी. पण आपण १९५६ साली धर्मांतर केलेले. महाराष्ट्राने आपल्याला सवलती दिल्या, तरी केंद्राच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले ते १९९० साली. म्हणजे केंद्राच्या या घराची पहिली वर्षे ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला केंद्राचा कायदा अनुसूचित जातीत धरत नव्हता. स्वाभिमानाची ही किंमत आपल्या मागच्या पिढीने गुपचूप भरली आहे.

नंतर २००२ चे दारिद्र्यरेषेचे सर्वेक्षण आले. तेरा प्रश्न, प्रत्येकाला चार गुण, एकूण बावन्न. कमी गुणांचा माणूस आधी. त्यावरून कायम प्रतीक्षा यादी झाली आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची असा नियम होता. पुढे २०११ ची सामाजिक-आर्थिक गणना, २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना, मग राहिलेल्यांसाठी आवास प्लसचे सर्वेक्षण, ज्याला आपण ‘ड यादी’ म्हणतो. दर वेळी मोजणी झाली त्या दिवशी घरातला कर्ता मुंबईत कामाला, दाराला कुलूप. कुलूपबंद घर म्हणजे नाव गळाले.

राज्य सरकारने २००८ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना काढली. २६९ चौरस फुटांचे घर, निवड ग्रामसभेत, पैसे हप्त्याने. योजना आपल्या हक्काची आहे, पण कोकणात ती तीन ठिकाणी अडते. एक, जागा. सात-बाऱ्यावर पंधरा-वीस नावे, निम्मी माणसे मुंबईत, संमतीपत्रावर सही कोण करणार? कितीतरी घरे अजून दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर उभी आहेत. खोती कायद्याने गेली, तरी कागदावरची नावे सगळीकडे बदलली नाहीत. दोन, जातीचा दाखला. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो आजोबांच्या नावाने असतो. तीन, पाऊस. पहिला हप्ता मे महिन्यात हातात पडला तर जोते होईपर्यंत मिरग येतो. चिरे भिजत पडतात, काम थेट दसऱ्यानंतर सुरू होते, तोवर गवंड्याचा भाव वाढलेला असतो.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग यादीचा उपयोग काय? मी म्हणतो, उपयोग आहे. एकट्याने विचारले की कारकून “नंतर या” म्हणतो. ग्रामसभेत चाळीस माणसे उभी राहून यादी मोठ्याने वाचायला लावतात, तेव्हा गळालेले नाव सापडते. गिरणीची १५,८७० घरेसुद्धा कुणी आपण होऊन दिलेली नाहीत.

म्हणून विहाराच्या कमिटीला माझी विनंती आहे. वंदनेनंतर महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवा. प्रत्येक घराने एक फाईल करावी : गिरणीच्या अर्जाची पावती, लाल पास, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, सात-बारा, घराचा आठ-अ चा उतारा, जातीचा दाखला. दोन नावांचा माणूस एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून त्यात लावावे. म्हाडाकडचा जुना पत्ता बदलून घ्यावा. घरकुलाचा अर्ज शक्यतो बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने करावा. आपली शिकलेली मुले-मुली मोबाईलवर यादी बघू शकतात, त्यांनी ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही नावे बघावी. येत्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीतून आणून विहाराच्या फळ्यावर लिहायचे काम मी घेतो. तुम्ही यायचे काम घ्या.

जय भीम!