नकाशा कोरा का दिसतो? ब्राउझरच्या चित्रक्षमतेची ओळख

बारामती : नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर फुललेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ऊसशेतीत आता संगणकीय नकाशालाही स्थान मिळाले आहे. गट क्रमांकाचा नकाशा राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर पाहता येतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने हाती घेतलेल्या ऊसशेतीच्या प्रकल्पात उपग्रहांकडून मिळणाऱ्या माहितीचा उपयोग केला जातो. मात्र, नकाशा तयार होणे आणि तो शेवटच्या माणसाच्या पडद्यावर उमटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या मोबाईलवर क्षणात दिसणारा नकाशा जुन्या संगणकावर कोराच राहू शकतो. त्यामागचे कारण बहुधा ब्राउझरच्या चित्रक्षमतेत असते.

चार पिढ्या

ब्राउझरमध्ये रेषा व आकृत्या काढण्याची पहिली साधने म्हणजे ‘व्हीएमएल’ आणि ‘एसव्हीजी’. व्हीएमएल हे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररपुरते मर्यादित राहिले, तर एसव्हीजीला २००१ मध्ये प्रमाणित दर्जा मिळाला. ‘अ‍ॅपल’ने २००४ मध्ये ‘कॅनव्हास’ आणला. त्यामुळे पानावर ठिपक्याठिपक्याने चित्र रंगविणे शक्य झाले. मार्च २०११ मध्ये ‘वेबजीएल’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ब्राउझरला संगणकातील ग्राफिक्स चिपचे बळ थेट वापरता येऊ लागले. त्यापुढची पिढी ‘वेबजीपीयू’ २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमध्ये उपलब्ध झाली.

क्षमता कशी ओळखतात?

पूर्वी संकेतस्थळे ब्राउझरचे नाव विचारून निर्णय घेत. ही पद्धत फसवी ठरली. कारण एकाच नावाचा ब्राउझर दोन संगणकांवर वेगळा वागतो आणि काही ब्राउझर स्वतःची ओळख दुसऱ्याच नावाने करून देतात. त्यामुळे आता नावाऐवजी क्षमतेची परीक्षा घेतली जाते. पान उघडताच आज्ञावली ब्राउझरकडे वेबजीपीयूची मागणी करते. ती नाकारली गेल्यास वेबजीएल, तेही नसल्यास साधा कॅनव्हास किंवा एसव्हीजी, अशा क्रमाने एकेक पायरी खाली उतरले जाते. सर्वांत खाली असते ते तयार चित्र व मजकूर.

नकाशांच्या क्षेत्रात ही रीत जुनी आहे. ‘ओपनलेयर्स’ या मुक्त प्रणालीची दुसरी आवृत्ती आकृत्यांसाठी आधी एसव्हीजी, मग व्हीएमएल आणि शेवटी कॅनव्हास असा क्रम तपासत असे. याउलट, ‘इस्रो’ने ऑगस्ट २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘भुवन’च्या त्रिमितीय नकाशासाठी प्रारंभी विंडोज संगणकावर वेगळे प्लगइन बसवावे लागे. प्लगइन नसेल, तर त्रिमितीय दृश्यही नाही, अशी ती स्थिती होती.

होकारातील धोके

ब्राउझरने होकार दिला म्हणजे काम फत्ते झाले, असे नाही. ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर सदोष असल्यास ब्राउझर चिप बाजूला ठेवून तेच काम मुख्य प्रोसेसरकडे सोपवू शकतो. तेव्हा वेबजीएल ‘उपलब्ध’ असते. पण नकाशा अडखळत सरकतो. प्रत्येक चिपची चित्राच्या आकारमानाची कमाल मर्यादाही ठरलेली असते. उपग्रहाचे मोठे छायाचित्र त्या मर्यादेबाहेर गेल्यास त्या जागी काळा किंवा रिकामा चौकोन उरतो. स्मृती अपुरी पडल्यास चालू असलेले चित्रणही मध्येच तुटते. वेबजीपीयू तर केवळ ‘एचटीटीपीएस’ने सुरक्षित केलेल्या पानांवरच मिळते. शिवाय, एका कॅनव्हासवर एकदा वेबजीएल सुरू झाले, की त्याच कॅनव्हासवर साधे द्विमितीय चित्रण करता येत नाही. त्यासाठी नवा कॅनव्हास घ्यावा लागतो. हे न जाणता रचलेली पर्यायी व्यवस्था नेमकी गरजेच्या वेळी निकामी ठरते.

वापरणाऱ्यांनी काय करावे?

नकाशा कोरा दिसल्यास प्रथम ब्राउझर अद्ययावत करावा. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन’ सुरू आहे का, हे पाहावे. संगणकावर ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसविल्यानेही अनेकदा अडचण सुटते.

संकेतस्थळ उभारणाऱ्यांची जबाबदारी मात्र याहून मोठी आहे. उसाच्या कोणत्या भागाला पाण्याची गरज आहे, हे केवळ रंगांतून सांगणारा नकाशा उमटलाच नाही, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. तीच माहिती गट क्रमांक आणि आकड्यांसह मजकुरातही दिली, तर स्वस्तातल्या जुन्या मोबाईलवरही पाण्याचा निर्णय वेळेत घेता येतो. शेवटची पायरी सर्वांत साधी असते. पण ती असावीच लागते.